मेलेल्यांना कोणी मोजलं?

वाचकांचे प्रश्न : इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिकेची उत्तरं

मागच्या अंकात मी चौदाव्या शतकातल्या महामारीवर लिहिलं होतं. युरोपात पुढे जिला ‘काळा मृत्यू’ म्हणू लागले, ती ही प्लेगची साथ. त्यावर भरपूर पत्रं आली. बहुतेकांना आकडे हवे आहेत, काहींना आपल्याकडचं विचारायचं आहे, आणि दोघातिघांनी घरात ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी लिहून पाठवल्या आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देते.

एकीकडे अडीच कोटी माणसं मेली असं वाचलं, दुसरीकडे पाच कोटी, तिसरीकडे वीस कोटी. खरा आकडा कोणता? – एक वाचक, इचलकरंजी

त्या काळात जनगणना नव्हती आणि जन्ममृत्यूची सरकारी वहीही नव्हती. त्यामुळे तुम्ही वाचलेला प्रत्येक आकडा कशावरून तरी काढलेला अंदाज आहे. अडीच कोटी हा जुना अंदाज. युरोपातला दर तिसरा माणूस गेला असं धरून तो काढला आहे. पाच कोटी अलीकडचा, आणि त्यात युरोपची लोकसंख्या आठ कोटी आणि मृत्यू साठ टक्के धरले आहेत. वीस कोटीत आशिया आणि आफ्रिकाही येतात, पण त्याला आधार फार तोकडा. मी वर्गात सांगत असे की १३४७ ते १३५३ या सहा-सात वर्षांत युरोपातला तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली असं समजा, आणि मग कुठल्या गावाबद्दल बोलायचं ते सांगा. कारण गावाचं नाव घेतलं की कागद सापडतात.

इंग्लंडमधले कागद सर्वांत बोलके आहेत. एखाद्या गावचा पाद्री मेला की बिशपला त्याच्या जागी दुसरा नेमावा लागे आणि त्याची नोंद वहीत होई. या वह्या टिकल्या आहेत. त्यांवरून दिसतं की कित्येक भागांत जवळपास निम्मे पाद्री त्या एका साथीत गेले. दुसरा पुरावा जमीनदारीच्या दप्तरांचा. कूळ मेलं की त्याच्या गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर जमीनदाराने घ्यायचं, असा तिथला रिवाज होता. १३४९ च्या दप्तरांत अशा जनावरांच्या नोंदी पानामागून पान चालतात. बाप मेला म्हणून एक जनावर, जमीन मुलाच्या नावावर चढली, मुलगा मेला म्हणून दुसरं जनावर, आणि शेवटी ‘वारस नाही’. ज्या कारकुनाने ते लिहिलं त्याला इतिहास लिहायचा नव्हता, जमीनदाराचा हिशेब ठेवायचा होता. म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

पुढे १३७७ मध्ये इंग्लंडच्या राजाने डोईपट्टी बसवली. चौदा वर्षांवरच्या माणसांना ती भरायची होती आणि भरणारे निघाले सुमारे १३ लाख ६० हजार. त्यात मुलं, भिकारी आणि चुकवणारे मिळवले तरी लोकसंख्या पंचवीस-तीस लाखांपलीकडे जात नाही. साथीपूर्वी ती पन्नास लाखांच्या आसपास होती असं मानतात. मधल्या काळात, १३६१ साली, साथ पुन्हा येऊन गेली होती. तिच्यात लहान मुलं इतकी गेली की इतिवृत्तकारांनी तिला मुलांची साथ म्हटलं.

इटलीतले कागद निराळे. तिथे माणसं स्वतः लिहीत होती. फ्लॉरेन्सचा जोव्हान्नी व्हिल्लानी वर्षानुवर्षं आपल्या शहराचा वृत्तान्त लिहीत आला होता. साथीबद्दल लिहिताना ‘ही महामारी अमुकपर्यंत चालली’ असं वाक्य त्याने सुरू केलं आणि तारखेची जागा मोकळी सोडली, साथ संपली की भरायची म्हणून. ती जागा तशीच राहिली. १३४८ मध्ये तो प्लेगनेच गेला. सिएनाच्या आन्योलो दी तूराने लिहून ठेवलं आहे की त्याने आपली पाच मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. सिएनात तेव्हा प्रचंड कॅथीड्रल वाढवण्याचं काम चाललं होतं, ते साथीत थांबलं ते कायमचं. त्या अपुऱ्या बांधकामाची उंच भिंत आजही शहरात उभी आहे.

आणि हे लक्षात ठेवा, की मृत्यू सगळीकडे सारखा वाटला गेला नाही. मिलान शहर त्या पहिल्या फेरीत तुलनेने वाचलं. तळ्यांच्या गाळातले परागकण तपासून अलीकडे झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की पोलंड आणि बाल्टिक किनाऱ्यावर शेती मोडली नाही, उलट काही ठिकाणी वाढली. त्याच वेळी स्वीडन आणि मध्य इटलीत शेतांवर झाडी चढली. आइसलँडला तर ही साथ १४०२ पर्यंत पोचलीच नाही. सगळ्या खंडाला एकच टक्केवारी लावणाऱ्यावर म्हणूनच माझा भरवसा बसत नाही.

मंगोलांनी तटावरून प्रेतं आत फेकली म्हणून प्लेग युरोपात गेला, असं वाचलं. खरं आहे का? – बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, नांदेड

ही गोष्ट काफाची. काळ्या समुद्रावर क्रिमियात हे बंदर होतं, आजचं फिओदोसिया. ते जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होतं आणि ‘सुवर्ण टोळी’ या मंगोल राज्याच्या जानीबेग खानाने त्याला वेढा घातला होता. १३४६ मध्ये खानाच्या छावणीत प्लेग शिरला. तेव्हा त्याने यंत्रांनी प्रेतं शहरात भिरकावली, असं गाब्रिएले दे मुस्सी सांगतो. हा पिआचेन्झाचा नोटरी. तो त्या वेळी आपल्या गावीच होता असं दिसतं, म्हणजे त्याने लिहिलं ते ऐकीव.

प्रेतं फेकलीही असतील. पण प्लेग आत जायला त्यांची गरज नव्हती. देह थंड पडला की पिसवा तो सोडून जातात, आणि उंदराला कोणताच तट अडवत नाही. अलीकडे काही अभ्यासकांनी धान्याकडे बोट दाखवलं आहे आणि मला ते पटतं. लढाईच्या काळात काळ्या समुद्रावरच्या गव्हाचा व्यापार बंद होता. १३४७ मध्ये तह झाला, तुंबलेला गहू जहाजांवर चढला आणि इटलीकडे निघाला. गव्हाबरोबर उंदीर आणि पिसवा. त्याच वर्षी प्लेग कॉन्स्टँटिनोपलला लागला, ऑक्टोबरात जिनोआच्या बारा जहाजांबरोबर सिसिलीतल्या मेसीनाला, शरदात अलेक्झांड्रियाला, पाठोपाठ मार्सेला. जानेवारी १३४८ पर्यंत व्हेनिस, जिनोआ आणि पिसा. उन्हाळ्यात पॅरिस. जूनमध्ये इंग्लंडचा दक्षिण किनारा, शरदात लंडन. १३४९ मध्ये नॉर्वेतलं बर्गन, १३५२ मध्ये प्स्कोव्ह, १३५३ मध्ये मॉस्को. धान्याचं हे नातं आपल्याकडेही दिसतं : मुंबईत १८९६ साली प्लेगचे पहिले रोगी सापडले तेही मांडवीत, बंदराला लागून असलेल्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत.

काफाच्या आधी हा रोग कुठे होता, याचा एक पक्का धागा २०२२ मध्ये हाती आला. किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराच्या जवळ कारा-जिगाच नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीने थडग्यांवर सीरियाक लिपीत नावं आणि सालं कोरली होती. १३३८ आणि १३३९ या दोनच वर्षांत थडग्यांची संख्या एकदम फुगते, आणि काहींवर मृत्यूचं कारणही कोरलं आहे : महामारी. तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूची जनुकीय ओळख निघाली, आणि ती युरोपातल्या साथीच्या मुळाशी बसते. १३३८ म्हणजे आपल्याकडे मंगळवेढ्याचा तट कोसळून चोखोबा गेले असं परंपरा मानते ते साल. इसिक-कुलहून काफापर्यंत रोगाला सात-आठ वर्षं लागली.

तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस म्हणून सांगते, हा दातांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये जंतुशास्त्रज्ञ आणि इतिहासकार एकत्र होते. थडग्यांवरची सालं मोजणारा इतिहासकार नसता, तर दात कुठले तपासायचे हे कळलं नसतं.

प्लेग झालेल्या माणसाचं नेमकं काय होत असे? इतक्या झटपट माणसं कशी मरत? – एक गृहिणी, चिपळूण

जंतू एकच, येर्सिनिया पेस्टिस. तो मुळात उंदरांचा आणि रानातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा. प्लेगच्या उंदराचं रक्त प्यायलेल्या पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो. मग तिला रक्त खाली उतरवता येत नाही. ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्याबरोबर ते रक्त जंतूंसकट जखमेत परत जातं. उंदीर मेले की ती माणसाकडे वळते. मध्ययुगात उंदरांबरोबर माणसांच्या अंगावरच्या पिसवा आणि उवांनीही रोग पसरवला असावा, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे आणि त्यावर वाद चालू आहे.

चावल्यावर काही दिवसांत थंडी वाजून ताप चढतो. जांघेत, काखेत किंवा मानेत गाठ येते आणि ती इतकी दुखते की माणूस हात शरीराला लावून ठेवू शकत नाही. उपचार नसतील तर अशा रोग्यांतले शंभरातले तीस ते साठ जातात. जंतू फुप्फुसात शिरला तर खोकल्यातून थेट दुसऱ्याला लागतो, आणि उपचाराविना त्यातून जवळजवळ कोणी उठत नाही.

आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंला तेव्हा पोपचा दरबार असे. तिथे गी द शोलियाक नावाचा वैद्य होता. त्याने हे दोन्ही प्रकार वेगळे ओळखले होते. पहिले दोन महिने ताप आणि रक्ताची थुंकी, माणूस तीन दिवसांत संपे. पुढे गाठी, आणि पाच दिवस. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता आणि जंतू ही कल्पनाही नव्हती. पॅरिसच्या विद्यापीठातले वैद्य त्याच वर्षी, १३४८ मध्ये, राजाला लिहून देत होते की १३४५ च्या मार्चमध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभेत एकत्र आले म्हणून हवा बिघडली. शोलियाकही ग्रहांना मानत होता. पण त्याने रोग्याजवळ बसून दिवस मोजले, आणि ते निरीक्षण आजही खरं ठरतं.

माझी आजी कऱ्हाडकडची. तिच्या लहानपणी गावात प्लेग आला होता. ती सांगायची, आढ्यावरून उंदीर पडायला लागले की मोठी माणसं एक शब्द न बोलता बोचकी बांधायची. गुरं सोडायची, कणगी लिंपायची आणि सगळं गाव रानात खोपटी घालून राहायला जायचं. घरात परत यायचं ते पाऊस होऊन गेल्यावर. कोणी शिकवलेलं नव्हतं, पण उंदीर आधी पडतो हे त्या बायकांना ठाऊक होतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदीर आणि पिसवेचा संबंध दाखवला, तेव्हा मोठमोठ्या विद्वानांनी वर्षानुवर्षं तो मानला नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या कामाने तो पक्का झाला.

नातू ‘रिंगा रिंगा रोझेस’ म्हणतो, ते प्लेगचं गाणं आहे म्हणतात. आणि पक्ष्याच्या चोचीचा मुखवटा घातलेले डॉक्टर त्याच काळातले का? – एक आजोबा, डोंबिवली

दोन्ही नाही. ते गाणं छापील स्वरूपात एकोणिसाव्या शतकात दिसतं आणि प्लेगशी त्याची सांगड घातली गेली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. नातवाला खुशाल म्हणू द्या. चोचीचा मुखवटा सतराव्या शतकातला, म्हणजे या साथीनंतर जवळपास तीनशे वर्षांनी आलेला.

ही साथ महाराष्ट्रात आली होती का? – एक शिक्षक, लातूर

आली होती असं दाखवणारा पुरावा नाही. दोन प्रसंग नेहमी पुढे केले जातात. पहिला १३३५ च्या सुमाराचा. महंमद तुघलक माबारवर, म्हणजे तमिळ किनाऱ्यावर, चालून निघाला होता. वरंगळला त्याच्या फौजेत रोगराई झाली, सुलतान स्वतः आजारी पडला आणि दौलताबादकडे मागे फिरला. त्याच परतीच्या वाटेवर बीडजवळ त्याचा एक दात पडला आणि त्या दाताची कबर बांधली गेली. बीडकर ती अजून दाखवतात. दुसरा प्रसंग मदुरेचा, सुमारे १३४४ मधला. तिथे माणसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरत होती असं प्रवासी इब्न बतूता लिहितो. पण दोन्हींत गाठींचा उल्लेख नाही. पटकी, हगवण, हिवताप, काहीही असू शकतं. नुसतं ‘पुष्कळ माणसं झटकन मेली’ यावरून प्लेग म्हणता येत नाही.

मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इब्न बतूताने पुढे १३४८ मध्ये सीरिया आणि इजिप्तमध्ये ही महामारी डोळ्यांनी पाहिली. हिंदुस्थानात तो वर्षानुवर्षं राहिला होता. हाच रोग इथे पाहिल्याचं त्याने म्हटलेलं नाही. ज्या १३४७ मध्ये मेसीनाला जहाजं लागली, त्याच वर्षी दौलताबादला हसन गंगूने बहमनी राज्य स्थापलं. त्या राज्याच्या आरंभीच्या काळाच्या वृत्तान्तांत लढाया आहेत, तह आहेत, गाठींची महामारी नाही.

आपल्यावर हा जंतू कोसळला तो साडेपाचशे वर्षांनी. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि पुढच्या काही दशकांत देशात एक कोटीहून जास्त माणसं त्याने नेली. सावित्रीबाई फुले त्यातच गेल्या, १० मार्च १८९७ ला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात आल्या होत्या. पुण्याच्या माणसाने हे साल विसरू नये असं मला फार वाटतं.

ज्यू लोकांना का जाळलं? त्यांनी विहिरीत विष टाकलं असं खरंच लोकांना वाटत होतं का? – एक तरुण वाचक, अमरावती

काहींना वाटत होतं. काहींना तसं वाटणं सोयीचं होतं. दोन्ही सांगायला हवं.

सप्टेंबर १३४८ मध्ये सव्हॉयच्या शियों किल्ल्यात (आजच्या स्वित्झर्लंडमध्ये) काही ज्यूंना पकडून त्यांचे हाल केले गेले. त्यांत बालाव्हिन्यी नावाचा शस्त्रवैद्य होता. यातना सहन न होऊन त्याने विहिरींत विष टाकल्याची कबुली दिली. त्या जबान्यांच्या नकला शहरोशहरी पाठवल्या गेल्या. कागदावर लिहिलेली कबुली म्हणजे पुरावा, असं मानणारी माणसं सगळ्या काळात असतात.

ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबुर्गला काय झालं ते नीट वाचा. शहराच्या प्रमुखांपैकी पेटर श्वार्बर आणि त्याचे सहकारी ज्यूंच्या बाजूने उभे राहिले. त्यांना पुरावा मान्य नव्हता. शहरातल्या कारागिरांच्या संघटनांनी त्यांना खुर्चीवरून खाली खेचलं. १४ फेब्रुवारी १३४९, शनिवार. ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत नेऊन लाकडी चौथऱ्यावर जाळण्यात आलं. इतिवृत्तांत आकडा दोन हजारांचा आहे. बाप्तिस्मा घ्यायला तयार झालेल्यांना सोडलं. नंतर ज्यूंकडची सगळी कर्जखतं आणि गहाण रद्द झाली आणि रोकड कारागिरांत वाटली गेली. तिथल्याच ख्रिस्ती इतिवृत्तकाराने लिहून ठेवलं आहे की पैशानेच ज्यूंचा जीव घेतला, ते गरीब असते आणि सरदार त्यांचे ऋणी नसते तर ते जाळले गेले नसते.

आणि प्लेग? तो स्ट्रासबुर्गला त्यानंतर काही महिन्यांनी, उन्हाळ्यात पोचला. ज्या दिवशी ही माणसं जाळली त्या दिवशी शहरात साथ नव्हती. हे मी वर्गात सांगायची तेव्हा एरवी बोलणारी मुलं गप्प व्हायची.

लोकांना सांगणारं कोणी नव्हतं असं नाही. पोप सहावा क्लेमेंट याने जुलै आणि सप्टेंबर १३४८ मध्ये फर्मानं काढली. ज्यूही या रोगाने मरत आहेत, आणि जिथे ज्यू राहतच नाहीत तिथेही हा रोग आहे, असा साधा मुद्दा त्याने मांडला. त्याच्या स्वतःच्या आव्हिन्योंत ज्यू वाचले. दूरच्या शहरांनी ऐकलं नाही. बाझल, स्ट्रासबुर्ग, माइन्झ, एकामागून एक.

आता याच्या शेजारी दमास्कस ठेवा. जुलै १३४८. इब्न बतूता तिथे होता. शहराने तीन दिवस उपास केला आणि मग सगळे अनवाणी बाहेर पडले. मुसलमान कुराण घेऊन, ज्यू तोरा घेऊन, ख्रिस्ती आपला शुभवर्तमानाचा ग्रंथ घेऊन, बायका, मुलं, अमीर, सगळे एका मशिदीकडे रडत चालले होते, असं त्याने लिहिलं आहे. त्याने साथ थांबली नाही, माणसं मरतच राहिली. रोग दोन्हीकडे तोच होता, अज्ञानही सारखंच होतं. शेजाऱ्याला जाळायचं की त्याच्याबरोबर चालायचं हे माणसांनी ठरवलं, आणि म्हणून स्ट्रासबुर्गचा दोष मी प्लेगच्या माथी मारू देणार नाही.

मी इथे नर्स आहे. कोरोनाच्या काळात वॉर्डात होते. त्या वेळचे वैद्य आणि सेवा करणारे पळून गेले असं वाचलं. सगळेच पळाले का? – एक वाचक, डब्लिन

नाही, आणि तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

पळालेही पुष्कळ. शोलियाकने स्वतः लिहिलं आहे की वैद्य रोग्यांकडे जायला धजत नव्हते, बाप मुलाकडे जात नव्हता आणि मुलगा बापाकडे. स्वतःबद्दल तो सांगतो की नाचक्कीच्या भीतीने तो गेला नाही, पण मनात सतत धास्ती होती. शेवटी त्यालाही गाठ आली, सुमारे दीड महिना तो अंथरुणाला होता आणि वाचला. पोपला मात्र त्याने दोन मोठ्या आगट्यांच्या मध्ये बसवून ठेवलं. समजूत हवा शुद्ध करण्याची होती, पण माणसांपासून लांब राहणं कामी आलं असावं.

कवी पेत्रार्कचा भाऊ गेरार्दो मोंत्र्यूच्या मठात साधू होता. मठप्रमुख निघून गेला, याने जायचं नाकारलं. मठातल्या प्रत्येकाची त्याने शुश्रूषा केली, प्रत्येकाला पुरलं, आणि शेवटी तो आणि त्याचा कुत्रा एवढेच उरले.

इंग्लंडमध्ये पाद्री इतके मेले की मरणाऱ्याचा कबुलीजबाब ऐकायला कोणी मिळेना. जानेवारी १३४९ मध्ये बाथ आणि वेल्सच्या बिशपने पत्र काढलं : पाद्री नसेल तर कोणाही सामान्य माणसाजवळ कबुली द्या, पुरुष नसेल तर बाईजवळही चालेल. त्या काळात एखाद्या बिशपने हे लिहायला केवढी वेळ आली असेल, विचार करा.

लंडनला ईस्ट स्मिथफील्ड इथे साथीसाठी वेगळी दफनभूमी केली होती. १९८० च्या दशकात ती उकरली, सातशेहून जास्त सांगाडे निघाले. काही ठिकाणी पाच-पाच थर. पण देह फेकलेले नव्हते, ओळीने, एका दिशेला डोकं करून नीट ठेवलेले होते. कोणीतरी, स्वतःलाही लागणार हे माहीत असून, ते हातांनी ठेवले होते. २०११ मध्ये चौदाव्या शतकातल्या त्या जंतूचा पहिला जनुकीय आराखडा निघाला तो याच सांगाड्यांवरून.

आणि तुमच्या आयर्लंडचा जॉन क्लिन. किलकेनीच्या मठातला हा साधू १३४९ मध्ये आपल्या गावातले मृत्यू लिहीत होता. पुढचं काम चालू राहावं म्हणून कोरं चर्मपत्र सोडून जातो, असं त्याने म्हटलं, आदमच्या वंशातलं कोणी वाचलंच तर त्याच्यासाठी. त्यापुढे वेगळ्या हस्ताक्षरात शेरा आहे की इथे लेखक वारला असं दिसतं. किलकेनी तुमच्यापासून लांब नाही. सुट्टी मिळाली तर जाऊन या.

साथीनंतर मजुरांचे दिवस पालटले, असं वाचलं. इतक्या मरणातून चांगलं निघालं म्हणायचं का? – एक शेतकरी, फलटण

‘चांगलं’ हा शब्द मी वापरणार नाही. जे वाचले त्यांच्या हाती काही आलं, ते सांगते.

हात कमी झाले तसे भाव वाढले. इंग्लंडच्या राजाने साथ चालू असतानाच, जून १३४९ मध्ये हुकूम काढला की मजुरी साथीपूर्वीच्या दराने घ्यायची आणि साठ वर्षांखालच्या रिकाम्या माणसाने मिळेल ते काम नाकारायचं नाही. १३५१ मध्ये त्याचा कायदा झाला. गवत वाळवायला दिवसाला एक पेनी, यापेक्षा जास्त मागायचं नाही. सुगीच्या तोंडावर मजूर मिळत नसताना असा दर कागदावर ठरवून काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. मालकच चोरून जास्त देऊ लागले. तरी त्या कायद्याखाली दंड झाले, माणसं खोड्यात अडकवली गेली, आणि १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावामागे तो राग होता. दोन पिढ्यांत तिथली वेठबिगारी सैल होत गेली, कुळांना हातपाय पसरायला जमीन मिळाली.

पण इजिप्तमध्ये याच्या उलट घडलं. तिथली शेती नाईलच्या कालव्यांवर. कालवे दरवर्षी उपसायला हजारो हात लागतात. माणसं मेली, कालवे गाळाने भरले आणि तिथल्या सत्ताधारी मामलुक जमीनदारांनी उरलेल्यांना आणखी पिळलं. इंग्लंडइतकीच माणसं मेली असतील, पण शेतकऱ्याच्या वाट्याला सुख आलं नाही. मजूर दुर्मीळ झाला की त्याची किंमत आपोआप वाढते असं नाही, जमीन आणि पाणी कोणाच्या हातात आहे त्यावर ते ठरतं.

हा रोग आज आहे का? मुलं घाबरली आहेत. – एक आई, नाशिक

आहे, पण त्याचं औषधही आहे. मादागास्करमध्ये २०१७ साली मोठी साथ आली होती, सुमारे २४०० रोगी आणि दोनशेहून जास्त मृत्यू. आपल्याकडे सुरतेत १९९४ च्या सप्टेंबरात साथ उद्भवली तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले होते. आज स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं वेळेत मिळाली तर बहुतेक रोगी बरे होतात. ‘वेळेत’ म्हणजे पहिल्या दिवसातच, विशेषतः खोकल्यातून पसरणाऱ्या प्रकारात. घराभोवती एकाएकी बरेच उंदीर मेलेले दिसले तर हात न लावता नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा. मुलांना एवढं सांगितलंत तर पुरे.

लंडनच्या १६६५ च्या साथीबद्दलची पत्रं पुढच्या अंकात घेईन.